न विचारता वाढलेले ताट

धर्म सांगायचा म्हणजे प्रवचन द्यायचे, पुस्तके वाटायची, वाद जिंकायचा, अशी आपली समजूत असते. शीख पंथाने मात्र पाचशे वर्षांपूर्वी एक निराळाच मार्ग निवडला. भुकेल्याला आधी जेवू घालायचे आणि त्याने विचारले तरच पुढचे बोलायचे. या मार्गाने काय साधले, तो कुठे अडखळला आणि आपल्या घरापर्यंत त्यातले काय येऊ शकते, याचा हा मागोवा.

अमृतसरच्या हरमंदिर साहिबमध्ये, म्हणजेच सुवर्णमंदिरात, जेवायला जाणाऱ्या माणसाला कोणीही त्याचे नाव विचारत नाही. गाव, जात, धर्म यांचा तर प्रश्नच येत नाही. दाराशी त्याच्या हातात थाळी, वाटी आणि चमचा दिला जातो. आत लांबच लांब पट्ट्या अंथरलेल्या असतात. त्यावर जिथे जागा मिळेल तिथे बसायचे. शेजारी कोण येईल हे सांगता येत नाही. परदेशी पर्यटक, शेतमजूर, बँकेतला अधिकारी, लग्नानंतर दर्शनाला आलेले नवे जोडपे, रस्त्यावर झोपणारा म्हातारा, कोणीही. बादलीतून डाळ येते, भाजी येते, बहुधा खीरही येते. पोळीला तिथे ‘परशादा’ म्हणतात. ती ताटात टाकली जात नाही. दोन्ही हात पुढे करायचे आणि त्या ओंजळीत ती घ्यायची. गरीब असो वा श्रीमंत, हात पुढे केल्याशिवाय पोळी नाही.

हा लंगर दिवसरात्र चालतो. साध्या दिवशीही पन्नास हजारांहून अधिक माणसे इथे जेवतात आणि सणासुदीला हा आकडा लाखाच्या घरात जातो. पोळ्यांसाठी यंत्रे आहेत, डाळीसाठी माणूस बसेल एवढाल्या कढया आहेत. पण लसूण सोलायला, पोळ्या लाटायला, वाढायला आणि खरकटी भांडी घासायला हात लागतात ते बहुतांशी स्वयंसेवकांचे. भांड्यांच्या लांबलचक हौदाशी वकील, विद्यार्थी, गृहिणी आणि ट्रकचालक एका रांगेत उभे असतात. बाहेर ‘जोडा घर’ असते. तिथे येणाऱ्यांचे जोडे सांभाळणे आणि पुसून ठेवणे हीसुद्धा सेवाच मानली जाते. खर्च भागतो तो भाविकांच्या देणग्यांतून. आपल्या कमाईचा दहावा हिस्सा समाजासाठी बाजूला काढावा, या प्रथेला शीख ‘दसवंध’ म्हणतात.

जेवण झाले की थाळी नेऊन द्यायची आणि निघायचे. कोणी हातात पत्रक देत नाही, की वहीत पत्ता लिहून घेत नाही.

पंगतीचा जन्म

या प्रथेची सुरुवात गुरू नानकांपासून (१४६९-१५३९) मानली जाते. परंपरा सांगते की, तरुण नानकांना वडिलांनी वीस रुपये देऊन फायद्याचा सौदा करायला पाठवले. वाटेत उपाशी साधूंचा मेळा भेटला. नानकांनी सगळे पैसे त्यांच्या जेवणावर खर्च केले आणि ‘याहून खरा सौदा कोणता?’ असे घरी येऊन सांगितले. वडील संतापले, पण ‘सच्चा सौदा’ हा शब्द पंजाबीत कायमचा राहिला. पुढे आयुष्याच्या उत्तरार्धात नानक रावीकाठी कर्तारपूरला स्थायिक झाले. तिथे ते स्वतः शेती करीत आणि आलेल्यांना आपल्याबरोबर जेवायला बसवीत. कष्ट करा, नाम घ्या आणि वाटून खा, ही त्यांची शिकवण तीन शब्दांत सांगितली जाते: किरत करो, नाम जपो, वंड छको.

दुसरे गुरू अंगद यांच्या काळात स्वयंपाकघराची जबाबदारी त्यांच्या पत्नी माता खीवी यांनी सांभाळली. त्यांच्या हातच्या तुपाळ खिरीचा उल्लेख थेट गुरू ग्रंथ साहिबमध्ये आहे. एका धर्मग्रंथाने एका गृहिणीच्या स्वयंपाकाची नोंद घ्यावी, ही गोष्ट मोठी बोलकी आहे. तिसरे गुरू अमरदास यांनी गोइंदवालला नियमच केला, ‘पहले पंगत, फिर संगत’. गुरूंना भेटायचे असेल तर आधी सर्वांबरोबर जमिनीवर बसून जेवायचे. बादशहा अकबर भेटीला आला तेव्हा तोही पंगतीत बसला, असे परंपरा सांगते.

पंगत हा शब्द मराठी माणसाला परका नाही. पण आपल्याकडे त्याच्या जोडीने ‘पंक्तिप्रपंच’ हाही शब्द रूढ झाला. एकाला तूप वाढायचे, दुसऱ्याला कोरडेच ठेवायचे. अमक्याला माजघरात बसवायचे, तमक्याला ओसरीवर आणि काहींना अंगणाबाहेर. कोण कोणाशेजारी जेवतो यावर शतकानुशतके माणसाची प्रतिष्ठा ठरत आली. त्या काळात सर्व जातींना एका पट्टीवर बसवणे म्हणजे केवळ अन्नदान नव्हते. परमेश्वर एकच असेल तर त्याची लेकरे निरनिराळ्या पंगतींना कशी बसतील, हे त्यातून सांगायचे होते. ज्याला वाचता येत नव्हते, त्यालाही हे शेजारी कोण बसले आहे एवढे पाहून कळत होते.

शत्रूच्या ओठाला पाणी

दहावे गुरू गोविंदसिंग यांच्या काळातली भाई कन्हैयांची कथा पंजाबातल्या मुलांना तोंडपाठ असते. १७०४ च्या सुमारास आनंदपूरला वेढा पडला होता. कन्हैया पाण्याची मशक खांद्यावर घेऊन रणांगणात फिरत आणि जखमी सैनिकांना पाणी पाजत. आपल्या आणि मोगलांच्याही. रागावलेल्या शिखांनी गुरूंकडे तक्रार केली. आम्ही ज्याला पाडतो त्याला हा पुन्हा उभा करतो! गुरूंनी बोलावून विचारले तेव्हा कन्हैयांनी तक्रार खरी असल्याचे कबूल केले. मला तिथे शत्रू दिसत नाही, प्रत्येक चेहऱ्यात तुम्हीच दिसता, असे त्यांचे उत्तर होते. परंपरेनुसार गुरूंनी त्यांना दोष दिला नाही. उलट मलमाची डबी हाती देऊन सांगितले, यापुढे जखमांना हेही लावत जा.

शिखांमधला सेवापंथी संप्रदाय कन्हैयांना आपले मूळपुरुष मानतो. उत्तर भारतात जूनच्या उन्हात रस्त्यारस्त्यांवर ‘छबील’ लागते, तीही अनोळखी माणसाची तहान भागवण्यासाठीच. १६०६ साली पाचवे गुरू अर्जुनदेव लाहोरला छळ सोसून हुतात्मा झाले. त्या स्मृतिदिनी बस, रिक्षा, स्कूटर थांबवून थंडगार गोड दूध-पाणी दिले जाते. ज्या गुरूंना तापल्या तव्यावर बसवल्याचे सांगितले जाते, त्यांची आठवण वाटसरूंना गारवा देऊन जपली जाते.

एक ग्लास दूध

अशा वागण्याचा माणसावर काय परिणाम होतो, याचे एक लख्ख उदाहरण विसाव्या शतकात सापडते. ४ जून १९०४ रोजी लुधियाना जिल्ह्यातील राजेवाल गावी एका हिंदू कुटुंबात रामजीदास नावाचा मुलगा जन्मला. आई धार्मिक होती. वाटेतले काटे-दगड उचलावेत, मुक्या जनावरांना पाणी ठेवावे, अशा साध्या सवयी तिने मुलाला लावल्या होत्या.

तरुणपणी गावोगाव फिरताना रामजीदास देवळात मुक्काम करीत. त्यांनी पुढे सांगितलेली आठवण अशी. एका देवळात त्यांना साफसफाई करायला सांगण्यात आले. त्यांनी ती मनापासून केली. काम संपल्यावर तिथली मंडळी त्यांच्यासमोरच जेवायला बसली, पण या भुकेल्या पोराला कोणी घासभर अन्न विचारले नाही. पुढे एकदा त्यांना रेरू साहिब गुरुद्वारात रात्र काढावी लागली. तिथे त्यांनी काहीच काम केले नव्हते आणि कोणाची ओळखही नव्हती. तरी तिथल्या व्यवस्थापकाने त्यांना पोटभर जेवू घातले, ग्लासभर दूध दिले आणि झोपायला खाट दिली.

कोणी उपदेश केला नाही, की ‘आमच्यात ये’ असे म्हटले नाही. पण रामजीदासांच्या मनात त्या रात्री जे रुजले ते कायमचे. पुढे ते शीख झाले आणि पूरणसिंग हे नाव त्यांनी घेतले.

लाहोरच्या डेरा साहिब गुरुद्वारात ते वर्षानुवर्षे सेवा करीत राहिले. १९३४ साली कोणीतरी चार वर्षांचा एक अपंग मुलगा तिथे सोडून गेले. त्याला चालता येत नव्हते, नीट बोलता येत नव्हते. पूरणसिंगांनी त्याचे नाव प्यारा सिंग ठेवले आणि पुढची जवळपास चौदा वर्षे त्याला अक्षरशः पाठीवर वागवले. १९४७ साली फाळणीत लाहोर सोडावे लागले तेव्हा त्यांच्या सामानात मोलाचे असे काही नव्हते. पाठीवर तो मुलगा तेवढा होता. अमृतसरच्या निर्वासित छावणीत त्यांनी त्याच्याबरोबरच इतर बेवारस आजारी, अपंग, मनोरुग्ण यांना सांभाळायला सुरुवात केली. त्यातूनच ‘पिंगलवाडा’ उभा राहिला. पिंगला म्हणजे पंगू. पंगूंचे घर, एवढाच त्या नावाचा अर्थ.

भगत पूरणसिंग सुवर्णमंदिराबाहेर बसून वर्गणी गोळा करीत. वापरलेल्या कागदाच्या कोऱ्या बाजूवर झाडे, पाणी, जमीन यांविषयीची माहिती छापून ती फुकट वाटत. १९७९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. १९८४ मध्ये सुवर्णमंदिरावरील लष्करी कारवाईच्या निषेधार्थ त्यांनी ती परत केली. ५ ऑगस्ट १९९२ रोजी ते गेले. पिंगलवाड्यात आजही दीड हजारांहून अधिक निराधार राहतात. दारात आणून सोडलेल्या माणसाचा धर्म कोणता, हा प्रश्न तिथे उद्भवत नाही. कित्येकांना आपले नावही सांगता येत नाही.

घास आणि गळ

इथे एक प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. रामजीदासांचे पूरणसिंग झाले, मग ते दूध हे आमिष नव्हते कशावरून? आजच्या वातावरणात तर हा प्रश्न हटकून विचारला जातो. परधर्मीयाने मदतीचा हात पुढे केला की ‘याचा काहीतरी डाव असणार’ अशी शंका आधी येते. ही शंका नेहमीच चुकीची असते असेही नाही. मासे धरणारा गळाला गांडूळ लावतो, ते माशाची दया येऊन नव्हे.

पण घास कोणता आणि गळ कोणता हे ओळखणे फार अवघड नाही. देण्यापूर्वी काही विचारले जाते का? देताना काही वदवून घेतले जाते का? दिल्यानंतर हिशेब ठेवला जातो का? घेणाऱ्याने ‘नाही, माझा धर्म मला पुरे’ म्हटले तर उद्या त्याला तेवढेच प्रेमाने वाढले जाईल का? लंगरमध्ये दररोज जेवणाऱ्या हजारोंपैकी बहुतेक जण जसे आले तसे परत जातात. हिंदू हिंदू राहतो, मुसलमान मुसलमान राहतो, काहीच न मानणाराही तसाच जातो. दुसऱ्या दिवशी त्यांनाही तीच डाळ मिळते.

दुसरी खूण म्हणजे देणारा कुठे बसतो. दानात सहसा देणारा वर असतो आणि घेणारा खाली. लंगरमध्ये लाखाची देणगी देणाऱ्यासाठी वेगळे दालन नसते. तोही त्याच पट्टीवर बसतो आणि त्यालाही ओंजळ पुढे करावी लागते. सेवा करणारा असे मानत नाही की, आपण समोरच्यावर उपकार करतो आहोत. त्याच्या मते समोरच्याने जेवून आपल्याला सेवेची संधी दिली.

याचा अर्थ श्रद्धा लपवायची असा नाही. कोणी विचारलेच, ‘तुम्ही हे का करता?’ तर शीख माणूस गुरू नानकांचे नाव अभिमानाने घेतो. फक्त तो प्रश्न पाहुण्याकडून येईपर्यंत थांबण्याची तयारी लागते आणि तो कधीच आला नाही तरी मन खट्टू होऊ द्यायचे नसते.

पंगत मोडते तेव्हा

हे सारे नेहमीच इतके सुरळीत होते असे म्हणणे खरे ठरणार नाही. ज्या अमृतसरात सर्वांसाठी पंगत मांडली गेली, तिथेच एक काळ असा आला की दलित शिखांनी आणलेला कडाह प्रसाद पुजारी स्वीकारीनात. १२ ऑक्टोबर १९२० रोजी अशा काही नवदीक्षित शिखांना घेऊन सुधारक मंडळी हरमंदिर साहिबमध्ये गेली. पुजाऱ्यांनी नकार दिला. बराच वाद झाला. अखेर गुरू ग्रंथ साहिब उघडून कौल घ्यायचे ठरले. जे वचन निघाले ते सर्वांना आपलेसे करणारे होते, आणि प्रसाद स्वीकारला गेला. गुरुद्वारा सुधारणा चळवळीतला हा एक महत्त्वाचा दिवस मानला जातो. तरीही पंजाबातल्या अनेक खेड्यांत आजही जातवार गुरुद्वारे आणि वेगळी स्मशाने आहेत. पंगत एकदा मांडून भागत नाही, प्रत्येक पिढीला ती पुन्हा मांडावी लागते.

दुसरी कसोटी याहून कठीण होती. नोव्हेंबर १९८४ मध्ये इंदिरा गांधींच्या हत्येनंतर दिल्लीत शिखांची कत्तल झाली. सरकारी आकड्यानुसारच एकट्या दिल्लीत २,७३३ माणसे मारली गेली. घरे जळाली, गुरुद्वारे जळाली. ज्यांच्यावर अनोळखी जमाव चालून आला, त्यांनी अनोळखी माणसांसाठी दार बंद केले असते तर त्यांना दोष कोणी दिला असता?

दार बंद झाले नाही. एप्रिल-मे २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत दिल्ली आणि परिसरात ऑक्सिजनसाठी हाहाकार उडाला. रुग्णालयांत जागा नव्हती. तेव्हा गाझियाबादच्या इंदिरापुरम गुरुद्वाराबाहेर ‘ऑक्सिजन लंगर’ सुरू झाला. मोटारीत, रिक्षात, रस्त्याकडेच्या बाकावर, जिथे असेल तिथे रुग्णाच्या नाकाला नळी लावली जात होती. संसर्गाच्या भीतीने सख्खे नातेवाईक दूर होत असताना ही मंडळी परक्या माणसाचा श्वास चालू ठेवण्यासाठी धडपडत होती. लंगर या शब्दाचा अर्थ त्या दिवसांत अन्नापलीकडे गेला.

आपल्या मातीतही

महाराष्ट्राला हे दृश्य नवे नाही. मनमाडला गाडी बदलताना तिथल्या गुरुद्वारात जेवलेले कितीतरी प्रवासी भेटतील. गुरू गोविंदसिंगांनी १७०८ साली जिथे देह ठेवला त्या नांदेडमध्ये लंगर अखंड चालतो. नांदेड ते अमृतसर धावणाऱ्या सचखंड एक्स्प्रेसमधले अनुभवी प्रवासी स्वतःची थाळी-वाटी घेऊन निघतात, कारण वाटेतल्या स्थानकांवर सेवेकरी डब्यापाशी येऊन जेवण वाढतात. २०२० च्या टाळेबंदीत यवतमाळ जिल्ह्यातल्या करंजीजवळ महामार्गालगतच्या एका साध्या शेडमधल्या लंगरने तर कमालच केली. पायी आणि ट्रकमधून गावाकडे निघालेल्या असंख्य मजुरांना तिथे त्या वैराण रस्त्यावर गरम जेवण मिळाले.

पंजाब आणि महाराष्ट्राचा धागा त्याहून जुना आहे. संत नामदेवांची ६१ पदे गुरू ग्रंथ साहिबमध्ये आहेत आणि पंजाबातल्या घुमान गावात त्यांचे स्मारक आहे. तिथेच एप्रिल २०१५ मध्ये ८८ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले होते. संत एकनाथांनी काशीहून आणलेली गंगेची कावड तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी रिती केल्याची कथा आपण लहानपणीच ऐकतो. रामेश्वराला वाहायचे पाणी गाढवाला पाजून नाथांना ते देवाला पोचल्याचे समाधान मिळाले. भाई कन्हैयांची मशक आणि नाथांची कावड यांत फरक तो कोणता?

अलीकडच्या काळात हेच काम गाडगेबाबांनी (१८७६-१९५६) केले. गावात शिरले की आधी हातात खराटा घ्यायचा, रस्ते झाडायचे आणि मग रात्री कीर्तनाला उभे राहायचे, हा त्यांचा क्रम. लोकांनी दिवसभर त्यांचे काम पाहिलेले असे, म्हणून रात्री त्यांचे शब्द पटत. लिहिता-वाचता न येणाऱ्या या माणसाने पंढरपूर, आळंदी, नाशिक, मुंबई इथे धर्मशाळा उभ्या केल्या. मुंबईत उपचारासाठी आलेल्या रुग्णांच्या नातेवाइकांना आजही त्यांच्या नावाच्या धर्मशाळांचा आधार वाटतो.

घराच्या उंबरठ्यापासून

हे वाचून कोणी म्हणेल, आम्ही काही पन्नास हजारांचा स्वयंपाक करू शकत नाही. खरे आहे. पण रेरू साहिबच्या त्या रात्री पन्नास हजार नव्हते, एकच भुकेला मुलगा होता. दुपारच्या उन्हात पार्सल घेऊन आलेल्या मुलाला पाणी विचारणे, दवाखान्यात एकट्याने बसलेल्या परगावच्या बाईला औषधाचे दुकान दाखवणे, उन्हाळ्यात फाटकाशी माठ भरून ठेवणे, एवढे प्रत्येक घराला जमण्यासारखे आहे.

त्यातही लंगरचे दोन-तीन नियम पाळता आले तर उत्तम. उरलेसुरले देऊ नये, आपण जे खातो तेच द्यावे. पाणी द्यायचे तर वेगळा पेला शोधू नये. घरातल्या मुलांच्या हातून द्यावे, म्हणजे त्यांना वेगळे संस्कारवर्ग लावावे लागणार नाहीत. आणि दिल्यानंतर त्याची चारचौघांत वाच्यता करू नये.

जवळपास गुरुद्वारा असेल तर एकदा मुलांना घेऊन जरूर जावे. डोके रुमालाने किंवा पदराने झाकायचे, चपला बाहेर ठेवायच्या, हातपाय धुवायचे. तंबाखू, सिगारेट, मद्य आत चालत नाही. पंगतीत जिथे जागा असेल तिथे बसावे, लागेल तेवढेच घ्यावे आणि ताटात टाकू नये. जेवण झाल्यावर वेळ असेल तर चार ताटे घासायला उभे राहावे. नको कोणी म्हणत नाही.

त्या रात्री रामजीदासांना दूध देणाऱ्या व्यवस्थापकाला पुढचे काहीच ठाऊक नव्हते. हा मुलगा उद्या कोण होणार, त्याच्या हातून किती बेवारसांना छप्पर मिळणार, याची त्याला कल्पनाही असणे शक्य नव्हते. दारात एक थकलेला मुलगा आला होता आणि त्याने त्याला जेवू घातले, एवढेच त्याच्या बाजूने घडले होते. पिंगलवाड्यात आज दोन वेळचे जेवण जेवणाऱ्या प्रत्येकापर्यंत तो ग्लास पोचला आहे.